झोळीची गाठ

"पट्टी तिरकी लावलीस," अण्णा म्हणाले. "काढ ती. दुसरी लाव."

पट्टी तिरकी नव्हती. पण चौगुले अण्णांशी वाद घालायची आमच्या टेस्टिंग खात्यात पद्धत नव्हती. मी कापडाच्या ठाणातून दुसरी पट्टी कापली, कडेचे धागे ओढून सारखी केली, एक टोक ताकद मोजायच्या यंत्राच्या वरच्या जबड्यात, दुसरं खालच्या जबड्यात अडकवलं आणि चाक फिरवलं. तबकडीवरचा काटा हलला, जेमतेम वर सरकला आणि पट्टी मधोमध तुटली. चांगलं सुती कापड तुटताना दणकून आवाज करतं, सांगून जातं. हे नुसतं सुटलं, ओल्या पापडासारखं.

"परत," अण्णा म्हणाले.

तिसरी पट्टीही तशीच गेली. चौथीच्या वेळी अण्णांनी मला बाजूला केलं आणि स्वतः लावली. ती तर आधीच्यांपेक्षा लवकर तुटली.

ही गोष्ट इचलकरंजीची, मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असतानाची. मागावरून उतरलेलं मळकट कोरं कापड आमच्या कारखान्यात यायचं आणि पांढरंशुभ्र होऊन बाहेर पडायचं. ते बाहेर सोडायचं की अडवायचं, हे अण्णा ठरवायचे. त्या दिवशी सकाळी एक व्यापारी तणतणत आला होता आणि हे ठाण ऑफिसच्या टेबलावर आपटून गेला होता. "बघा तुमचं पास केलेलं कापड! हे मढ्यावर घालायला पण कुणी घेणार नाही," असं काहीबाही बोलला होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि ठाण उचलून आत आणलं. अण्णांच्या हाताखालून गेलेल्या कापडाबद्दल असं कुणी बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मनातून मला त्या माणसाचा रागच आला होता.

अण्णांनी ठाणाचा कोपरा पाण्याने ओला केला आणि त्यावर निळ्या कागदाचा कपटा दाबून धरला. कपटा लाल झाला.

"अ‍ॅसिड राहिलंय," ते म्हणाले.

कापड पांढरं करायला ब्लीचिंग पावडर वापरतात. ती मारायला मग कापड अ‍ॅसिडच्या पाण्यातून काढतात आणि ते अ‍ॅसिड जावं म्हणून स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. पाणी कमी पडलं, की ठाणाच्या पोटात थोडं अ‍ॅसिड राहतं. त्या दिवशी कापडाला काही होत नाही. ओढलं तरी टिकतं, फाडलं तर कडक आवाज देतं. पण घडी घालून ठेवलं की आतल्या आत पोखरायला लागतं, आणि जागा गरम असेल तर फारच लवकर. वरून पांढरं, कोरं, कुणाच्याही डोळ्यांत भरावं असं दिसतं, आणि ताकद म्हणून काही उरलेली नसते.

"पाणी बंद होतं तेव्हाचा माल असणार," अण्णा म्हणाले. "सुरुवातीच्या ठाणांतनं नमुना घेतला, तो पास झाला. शेवटची ठाणं तशीच गेली. बघ बरं, नंबर काय आहे?"

नंबर ठाणाच्या तोंडाशी असतो, म्हणून मी ते उलगडून तोंड शोधलं. आणि माझे हात थांबले.

ठाणाचं तोंड कात्रीने कापलेलं नव्हतं. हाताने फाडलेलं होतं.

आमच्या कारखान्यात कापड हाताने फाडणारा एकच माणूस होता. कारखान्यात कुणाच्याही घरी बाळ जन्मलं, मग तो मॅनेजर असो की झाडूवाली, की अण्णा बारशाच्या दिवशी झोळीचं कापड द्यायचे, स्वतःच्या पदरचे पैसे भरून. सगळ्यांसमोर ठाणाच्या काठाला दातांनी चीर द्यायचे आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात फाडायचे. तो चर्रर्र आवाज ऐकायला बायका फोल्डिंग खातं सोडून यायच्या. आवाज खणखणीत आला की म्हणायच्या, "पोरगं दणकट होणार!" गावात कितीतरी घरांत अण्णांच्या झोळ्या होत्या. एकाच झोळीत तीन-तीन भावंडं वाढलेली मला माहीत होती.

माझ्या लेकीच्या बारशाला माझ्या माहेरी, इचलकरंजीच्या जुन्या गावभागात, अण्णा असेच आले होते. स्कूटर लावून घाईघाईने आत आले, कोटाच्या आतून घडी काढली आणि माझ्या ओटीत ठेवली. कापड ऊन ऊन होतं. माझी आई कौतुकाने म्हणाली होती, "बघा, ताव्यावरची भाकरी द्यावी तसं दिलंय!" सगळ्या हसल्या होत्या. कोऱ्या कापडात इतक्या लहान जीवाला घालायचं नसतं, ते सासरी गेल्यावर बांधायचं, म्हणून आईने ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. आख्खा उन्हाळा ते त्या ट्रंकेत होतं.

मी मान वर केली. अण्णा त्या फाडलेल्या तोंडाकडेच बघत होते. आपल्या हाताचं काम त्यांनी ओळखलं होतं.

"वैजू," ते म्हणाले, "पोरगी कुठं आहे?"

"घरी. कबनूरला. आत्याबाईंजवळ." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

"झोळी बांधली?"

"सोमवारी. मी कामावर यायला लागले तेव्हा."

त्यांनी चष्मा काढला नाही, ठाण आवरलं नाही, काही नाही. दारातली चप्पल पायात सरकवत म्हणाले, "चल."

आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडे फोन नव्हता. अण्णांची स्कूटर एरवी बैलगाडीशी शर्यत हरायची, आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. त्या दिवशी ती कशी चालली हे मला सांगता येणार नाही. मी मागे बसून फक्त एकच म्हणत होते, झोपलेली नसू दे. कडेवर असू दे, मांडीवर असू दे, रडत असू दे. झोळीत नसू दे.

घराचं दार उघडं होतं. आत कुणीच नव्हतं. पुढच्या सोप्यात तुळईवरून झोळी लोंबत होती, पण झोळी म्हणून नाही. मधोमध फाटून तिच्या दोन पांढऱ्या शेपट्या झाल्या होत्या आणि वाऱ्याने हलत होत्या. खाली रेवाचं दुपटं पडलं होतं. मी ते उचललं आणि तिथेच खाली बसले.

शेजारच्या शांताक्का धावत आल्या. "अगं, पडलं गं बाळ! झोके देताना पडलं. दवाखान्यात नेलंय, तुझा नवरा पण गेलाय तिकडं. ऊठ, ऊठ!"

अण्णांनी मला दंडाला धरून उठवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला.

दवाखान्याच्या पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. आमचे हे मागावरून तसेच आलेले, केसांत कापसाची फुलं, आणि आपल्या आईसमोर उभे राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होते.

"साधी गाठ मारता येत न्हाई तुला? सांगायचं की मला! मी बांधून दिली असती! तुला सगळं आपल्याच हातानं पायजे!"

आत्याबाई मान हलवत होत्या. "माझीच चुकली रं आप्पासो. माझीच गाठ चुकली. म्हातारी झाले मी."

मी त्यांना ओलांडून आत गेले. टेबलावर रेवा हुंदके देत होती. म्हणजे ती रडत होती, म्हणजे ती होती. मी तिला उचलायला गेले तर डॉक्टरांनी अडवलं. "डावा हात हलवू नका. खांद्याजवळची हसळी मोडली आहे. लहान हाड आहे, जुळून येईल. डोक्याला टेंगूळ आहे, पण डोळे नीट फिरवते आहे. आता दूध पाजून बघा. ओकली नाही, तर संध्याकाळी घरी न्या."

मी तिला पाजलं. ती प्यायली. तिने ते पोटात ठेवलं. त्या दुपारी मला देवाने आणखी काही दिलं नसतं तरी चाललं असतं.

बाहेर मात्र तेच चाललं होतं. ह्यांचा आवाज बसला होता, पण जीभ थांबत नव्हती. "उद्या पोरगी लुळी झाली म्हंजे? तोंड दाखवशील का लोकांस्नी?" दवाखान्यातल्या दोघीतिघी बायकाही आपापसांत बोलत होत्या. म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचंच कशाला, वगैरे. आत्याबाई आडव्या कुणाला गेल्या नव्हत्या आयुष्यात. नवरा गेल्यावर मागाच्या सुताच्या कांड्या भरून भरून पोराला वाढवलेली बाई. सोमवारी मी कामाला निघाले तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "जा बिनघोर. माझी गाठ कधी सुटली न्हाई." आणि आता त्या पायरीवर आक्रसून बसल्या होत्या आणि जो येईल त्याला स्वतःच सांगत होत्या, "माझी गाठ सुटली."

कुणीतरी म्हणालं, "अहो, कापड फाटलं असंल."

आत्याबाईंनी लगेच मान वर केली. "अण्णांचं कापड? ते आपसूक न्हाई फाटायचं, गाठ सरकून हिसका बसला असंल. ते बघा, अण्णाच हायत इथं. त्यांनी दिलेलं हाय ते."

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ते ऐकलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मीही दारातून बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. त्या पट्ट्या आम्ही दोघांनी मिळून तोडल्या होत्या, लाल झालेला कपटा दोघांनी बघितला होता. ते काही बोलले नाहीत.

माझं डोकं भणाणलं. इतकी वर्षं ज्या माणसाला मी बापाच्या जागी मानलं, तो माणूस एका म्हातारीच्या आड लपतोय? मी बाहेर आले आणि म्हणाले, "आत्याबाई, ऐका. गाठ—"

"थांब," अण्णा म्हणाले. हळूच, पण खात्यात म्हणायचे तसंच. "घरी चला आधी."

मी थांबले. पण त्या वेळी मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं असेल, ती त्यांनी बघितली असणार.

ऊन कलल्यावर डॉक्टरांनी सोडलं. रेवाचा हात अंगाशी बांधलेला. रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपून गेली. हे आईशी बोलत नव्हते. आत्याबाई एका कडेला अशा बसल्या होत्या, जणू रिक्षातली जागाही आपण फुकट घेतोय. अण्णांची स्कूटर मागून येत होती. माझ्या मनात आलं, कशाला येतायत आता?

घरात शिरल्यावर आत्याबाई आधी त्या फाटक्या झोळीकडे गेल्या. ती काढून टाकायची, डोळ्यांसमोर नको, म्हणून त्यांनी हात वर केला.

"काढू नका," अण्णा दारातून म्हणाले. "आक्का, कुणी हात लावू नका तिला."

ते आत आले. तुळईखाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "आप्पासो, स्टूल घे. वर चढ."

"कशाला?"

"चढ म्हणतो ना."

हे स्टुलावर चढले.

"गाठ सुटलीय का बघ."

ह्यांनी वर चाचपलं. एकदा चाचपलं, मग दोन्ही हातांनी धरून ओढलं. "न्हाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "दगडावानी बसलीय."

"सैल झालीय? सरकलीय?"

"न्हाई."

दिवसभरात वर कुणी बघितलंच नव्हतं. सगळे खाली बघत होते, पोरीकडे, आणि म्हातारीकडे.

अण्णांनी लोंबणारी एक शेपटी हातात घेतली. दातांनी चीर द्यायची त्यांना गरज पडली नाही. दोन बोटांनी काठ धरून त्यांनी ओढलं आणि कापड वरपर्यंत फाटत गेलं. आवाज आला नाही. आम्ही सगळे तिथे उभे होतो, बाहेर शांताक्का आणि गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, आणि अण्णांच्या कापडाचा आवाज कुणालाच आला नाही. त्यांनी ते पुन्हा फाडलं. पुन्हा. हातात नुसत्या चिंध्या राहिल्या.

"आक्का, हे माझं कापड," ते म्हणाले. "कुजकं आहे. कारखान्यात आज कळलं, ते सांगायलाच आम्ही धावत येत होतो. दवाखान्यात मी नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला नसता, आणि ह्याचाही बसला नसता. म्हणून इथं आलो."

आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "अण्णा, माझ्यावर पांघरूण घालू नगा. तुमी देवमाणूस हाय. तुमच्याकडनं कसं हुईल असं? तुमी तर कापड दिवसभर निवत ठेवल्याबिगर बघत पण न्हाई, वैजू सांगती की मला."

ते खरं होतं. मीच सांगितलं होतं. मशीनवरून उतरलेलं कापड एक दिवस आमच्या खात्यात पडून राहायचं. त्याला हवेतली ओल घेऊ द्यायची, निवू द्यायचं, आणि मगच त्याची परीक्षा करायची. शेठ स्वतः दारात येऊन उभे राहिले तरी अण्णांनी हा नियम मोडला नव्हता.

अण्णा खाली, जमिनीवर बसले. "एकदा मोडला तो नियम," ते म्हणाले. "वैजूच्या पोरीच्या बारशादिवशी चांगलं कापड शिल्लक नव्हतं. पाण्याची बोंब, माल अडकलेला. वाळवणीच्या मशीनवरनं एक ठाण उतरत होतं, सुंदर, दुधासारखं. म्हटलं, आपल्या खात्यातली पोर, पहिलं बाळ, हिला रिकाम्या हातानं कसं जायचं? एक दिवस थांबलो असतो, पाण्याचा थेंब टाकून कागद लावून बघितला असता, तर तिथंच कळलं असतं. नाही थांबलो. फाडलं, आवाज चांगला आला. कोटात घातलं आणि निघालो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कापड ऊन होतं, पोरी. आठवतंय तुला?"

मला आठवत होतं. माझ्या ओटीत त्याची ऊब किती वेळ राहिली होती तेही आठवत होतं. मला रडू कोसळलं. दुपारी त्यांच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं, त्याचंही त्यात होतं.

आत्याबाई सावकाश स्टुलापाशी गेल्या. हे अजून वरच उभे होते, खाली उतरून आईला तोंड कसं दाखवायचं हे त्यांना कळत नव्हतं. आत्याबाईंनी वर बघितलं, तुळईकडे, आणि त्यांचा सगळा चेहरा हलला.

"म्हंजे माझी गाठ..." त्या म्हणाल्या.

"टिकली," अण्णा म्हणाले.

तेव्हा त्या रडल्या. दिवसभरात पहिल्यांदा, मोठ्याने, लहान मुलीसारख्या. हे खाली उतरले आणि त्यांच्या पायाशी बसले. अण्णा कधी उठून गेले ते आमच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कारखान्याच्या फाटकात उभं राहून सगळ्या पाळीला हे सांगितलं. ऑफिसने गुपचूप माल बदलून द्यायचं ठरवलं होतं, ते त्यांनी होऊ दिलं नाही. त्या मालाचा तुकडासुद्धा कुणाच्या घरी असेल तर परत आणा, म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी कुणाला झोळीचं कापड दिलं नाही. बाळाचे पेढे घेऊन कुणी आलं, की पेढा घ्यायचे आणि काटा बघत बसायचे. आम्ही खूप समजावलं. "माझा हात उठत नाही," एवढंच म्हणायचे.

रेवाचा हात चांगला जुळला. तीन वर्षांनी मला मुलगा झाला. तोवर अण्णा निवृत्त झाले होते. बाळाला घेऊन मी सासरी आले त्या दिवशी ते बघायला आले, हातात फक्त नारळ. तुळईवर ती जुनी गाठ आणि तिला चिकटलेल्या दोन बोटांएवढ्या चिंध्या तशाच होत्या. आत्याबाईंनी त्या कुणाला सोडू दिल्या नव्हत्या. आल्यागेल्याला दाखवायच्या. अण्णांनी त्या बघितल्या आणि नजर खाली वळवली.

आत्याबाईंनी त्या गाठीशेजारीच नवी झोळी बांधली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. पण त्या बाळाला आत ठेवेनात. बाळ खांद्यावर घेऊन उभ्याच राहिल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "जरा बघा की ओढून."

"मी?"

"मग काय गल्लीतल्या माणसाला बोलवू? तुमी बघितल्याबिगर मी न्हाई ठेवायची पोराला."

अण्णा नको नको म्हणत उठले. झोळीपाशी गेले. आधी तळहाताने कापड चाचपलं, मग उजेडाकडे धरून डोळ्यांजवळ नेलं, मग त्यात दोन्ही कोपरं घातली आणि आपलं सगळं वजन टाकलं. तुळई करकरली. लुगडं जागचं हललं नाही. त्यांनी आणखी एकदा तसंच केलं. मग कोपरं काढून घेतली आणि म्हणाले, "पास."

आत्याबाईंनी बाळाला झोळीत ठेवलं. आणि हसत विचारलं, "आन् गाठ? ती न्हाई का बघायची?"

अण्णांनी वर बघितलं. दोन्ही गाठी शेजारी शेजारी होत्या.

"तिचं काय बघायचं, आक्का?" ते म्हणाले, आणि झोका दिला.